पिठाचे पैसे

माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर यांबद्दल आधीच माफी मागते. मी चौथी शिकलेली. त्यानंतर हातात पेन आलं ते किराण्याच्या यादीपुरतं, त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला अजून अंदाजानेच द्यावं लागतं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण आमच्या घरमालकीण ब्रायडीआजी मागच्या हिवाळ्यात वारल्या, आणि आपल्या माणसांत त्यांना नीट ओळखणारी मी एकटीच. मी नाही लिहिलं तर मराठीत त्यांच्याबद्दल कुठेच काही राहणार नाही असं मनात आलं, आणि लिहायला बसले.

आम्ही २००४ साली इथे अमेरिकेत आलो. पार्सिपनीजवळच्या एका जुन्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो, खाली ब्रायडीआजी. ह्यांच्या थोरल्या बहिणीने, शिकागोजवळ शॉमबर्गला राहणाऱ्या ताईंनी, आमचे कागद केले होते. हे एका वेअरहाऊसमध्ये लागले, आमची लेक मीनल शाळेत जाऊ लागली आणि मी दिवसभर घरात. निघताना माझ्या भावाने मला घरघंटी दिली होती. बार्शीत आमच्या गल्लीत सगळे हसले. "अमेरिकेला चक्की घेऊन चाललीय," म्हणाले. ती सामानाबरोबर जहाजाने आली. इथे आल्यावर कळलं की इथली वीज तिला पुरत नाही. मग हे वीज वाढवणारा एक लोखंडी डबा घेऊन आले. तो फार तापायचा, पण घंटी चालायची.

पहिल्यांदा गहू घातले तेव्हा अख्खा मजला थरथरला. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, एक पाय घासत येणारी. मी घंटी बंद केली. आता मालकीण घर सोडा म्हणणार, असं वाटलं. दार उघडलं तर उंच, हाडकुळी, पांढरे केस पिनांनी घट्ट बसवलेली बाई, अंगात फुलाफुलांचा एप्रन. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, घंटीच्या खालचा डबा ओढला, चिमूटभर पीठ घेतलं आणि ते कानाशी धरून अंगठा आणि बोट यांत चोळलं. डोळे मिटलेले. पीठ ऐकणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग वास घेतला, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "व्हीट." मी मान हलवली. त्यांनी मूठ वळली आणि हवेत गोल गोल फिरवली, जसा जात्याचा खुंटा फिरवतात तशी. माझ्या आईच्या घरी जातं होतं. मीही मूठ वळून फिरवली. इंग्रजी मला येत नव्हतं, मराठी त्यांना येत नव्हतं, आणि आम्ही दोघी घंटीसमोर उभ्या राहून रिकाम्या हवेत दळत होतो.

त्या इंग्रजीत बोलत, तेही त्यांच्या गावच्या वळणाचं. मीनल म्हणायची, "आई, इव्हन आय डोन्ट गेट हर." पुढे मला कळू लागलं. इथे लिहिते ते मला जसं कळलं तसं.

ब्रायडीआजी आयर्लंडच्या. पश्चिमेला मेयो म्हणून भाग आहे, तिथल्या एका खेड्यातल्या. दगडाचे बांध घातलेली इवलीशी वावरं, त्यात बटाटे, ओट्स आणि थोडा गहू. घरात पाव विकत आणणं म्हणजे आळशीपणाचं लक्षण. रोज सकाळी आई परातीत पीठ घेई, त्यात सोडा, मीठ आणि आंबट ताक. यीस्ट नाही, फुगत ठेवणं नाही. गोळा थापून लोखंडी भांड्यात घालायचा, ते चुलीवर टांगायचं आणि झाकणावर निखारे रचायचे. खालून जाळ, वरून जाळ. जाळ लाकडाचा नाही, लाकूड होतं कुठे. दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवायची आणि तीच जाळायची. त्या पावाला ते 'केक' म्हणत. पहिल्यांदा त्यांनी मीनलला केक खायला बोलावलं तेव्हा ती नटून गेली. ताटलीत तपकिरी, जाडाभरडा पाव.

"आजी, धिस इज नॉट केक."

"खा आधी," आजी म्हणाल्या, "मग भांड."

जात्याची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच वेळा सांगितली. त्यांच्या लहानपणी जातं गोठ्यात पडून होतं, कोंबड्या त्यावर बसायच्या, कारण दळण गिरणीत जाऊ लागलं होतं. मग मोठं युद्ध लागलं. बाहेरचा गहू यायचा बंद झाला, दुकानात काळपट पीठ मिळू लागलं, तेही मोजून. तेव्हा आईने जातं धुऊन आत आणलं. आई एका बाजूला, ब्रायडी दुसऱ्या बाजूला, मध्ये खुंटा. एकदा पाद्रीबाबा घरी येणार होते आणि त्यांना काळा पाव कसा द्यायचा, म्हणून आईने मावशीचे रेशमी पायमोजे मागून आणले आणि त्यांतून पीठ चाळलं. पाद्रीबाबा म्हणाले, काय पांढरा पाव आहे हो तुमच्याकडे. आई म्हणाली, देवाची कृपा. "मावशी कोपऱ्यात बसली होती, उघड्या पायांनी," आजी सांगायच्या. "कृपा कुणाची ते तिला ठाऊक होतं."

त्यांनी मला कामाला लावलं ते दुसऱ्याच आठवड्यापासून. त्यांना पीठ नको होतं, भरड हवी होती. मी घंटीची जाळी बदलून लापशीसारखं दळून दिलं. "गहू फार कडक आहे," त्या म्हणाल्या. आमच्या पोळीचा गहू त्यांच्या पावाला चालत नव्हता. मग आम्ही ह्यांच्या गाडीतून दूरच्या एका दुकानात जाऊन मऊ गहू शोधून आणला. ताकाचंही तसंच. पुठ्ठ्याच्या डब्यातलं ताक त्या नाइलाजाने वापरत. मी घरी दही लावते आणि रवीने घुसळते हे कळल्यावर त्या रोज सकाळी भांडं घेऊन येऊ लागल्या. माझ्या ताकाचा पहिला पाव भांड्यातून निघाला तेव्हा त्यांनी पालथा करून बुडाशी टकटक केलं, ऐकलं आणि "हं" म्हणाल्या. हीच त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. त्याहून मोठी मला कधी मिळाली नाही आणि मी मागितलीही नाही.

एकदा त्या संध्याकाळी आल्या. मी नुकताच देवाजवळ दिवा लावला होता. आपल्याकडे दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ घराबाहेर देत नाहीत. आता हे त्यांना कसं सांगावं? त्या घरमालकीण, मी भाडेकरू. मी दारात उभी राहून नुसती मान हलवत राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून दिव्याकडे पाहिलं, मग फडक्याने झाकलेल्या दह्याच्या भांड्याकडे पाहिलं. "सकाळी येते," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी ताक नेताना म्हणाल्या, "आमच्याकडे मे महिन्याच्या पहिल्या दिवशी दूध, लोणी आणि विस्तव कुणाला देत नाहीत. घराची बरकत जाते. माझी आई तर त्या दिवशी प्रत्यक्ष मेरीमाता आली असती तरी म्हणाली असती, उद्या ये."

त्यांच्या पावावर त्या सुरीने खोल फुली काढत. मी कणीक मळून ठेवताना गोळ्यावर बोटं उमटवते. एकदा त्यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, गुळगुळीत गोळा मेलेल्यांचा असतो. त्यांनी अशी मान हलवली, जणू ही गोष्ट कुणालाही ठाऊक असते. "फुलीतून परी बाहेर जाते," त्या म्हणाल्या. "आत राहिली तर पाव बसतो." मग दोघी आपापल्या कामाला लागलो.

त्यांचा पाव मी पहिल्यांदा केला तो मात्र पार फसला. मला वाटलं, पीठ आहे तर मळायलाच हवं. मी पोळीच्या कणकेसारखं तेल लावून, मुठींनी तिंबून तिंबून मळलं. भट्टीतून निघालं ते दगड. आजींनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला. "हा घराच्या पायात घालू," म्हणाल्या. मग माझे दोन्ही हात धरून सांगितलं, "पिठाला मारू नकोस. त्याने तुझं काही केलेलं नाही. ताक घाल, एकदा फिरव, थाप आणि विसर." पुन्हा केला तेव्हा मी सारखी भट्टीचं दार उघडून पाहत होते. "तो चोर आहे का? बंद कर ते."

त्या नवऱ्याचं नाव घेत नसत. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. बोगद्याच्या कामावर मजूर होते. पण आजी म्हणत, "त्यांना स्वतःला कडक चहा लागायचा", "ते स्वतः रविवारी दाढी करायचे." मला वाटत होतं, नवऱ्याला 'हे' म्हणणाऱ्या आपणच. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव घ्यायचं कशाला? घरात दुसरा कोण होता?"

हळूहळू लोकांना कळलं की इथे ताजं पीठ मिळतं. आपली मुलं, पुण्याची, मुंबईची, नागपूरची, कंपन्यांत कामाला येतात. दुकानातलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते. पाण्यात मळलं तरी चिकटपणा येत नाही आणि भाकरी थापताना फाटते. मी ज्वारी आणून दळून देऊ लागले. कुणी भाकऱ्या सांगू लागलं, कुणी थालीपिठाची भाजणी. थोडेफार पैसे येत. आणि मग दोन वर्षांनी, सप्टेंबरात, भर दळणात घंटीतून धूर निघाला.

हे कामावरून आले, मागचं झाकण काढून पाहिलं. "संपलं. मोटार जळाली. इथे कोण रिपेअर करणार?" मग हात पुसत म्हणाले, "ताईचा परवा फोन होता. तिला दुसरं बाळ होतंय मार्चमध्ये. तू आणि मीनल तिकडे जा, दोनेक वर्षं. तिलाही घरचं माणूस मिळेल. हे घर सोडून देतो, मी कुणाबरोबर तरी शेअर करून राहीन. पैसे वाचतील."

ह्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ताईंनी कागद केले, ते उपकार होतेच. पण ताईंच्या घरी मी एकदा राहिले होते. तिथे मला सगळं मिळायचं, फक्त मागावं लागायचं. पायातले मोजेसुद्धा. आणि तिथे गेले की मी परत येणार नाही, हे मला कळत होतं. एका बाळानंतर दुसऱ्याची शाळा, मग ताईंची गुडघेदुखी. घरचं माणूस घरचंच होऊन राहतं. मी ह्यांना काही बोलले नाही. मला बोलता यायचं नाही तेव्हा.

तिसऱ्या दिवशी जिन्यावर पाय घासत आला. "वरून आवाज का नाही?" आजींनी विचारलं. मी जळकी घंटी दाखवली. "मशीन डाय," म्हटलं. "आय गो शिकागो."

त्या खुर्चीवर बसल्या. "तुला जायचंय?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "नो." माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले.

"मग तोंड कशाला पाडलंयस? चहा ठेव."

चहा पिताना त्यांनी सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावलं. टेबलावर एक कॅटलॉग होतं, त्यात इथल्या विजेवर चालणारी, दगडाच्या पात्यांची छोटी घरगुती चक्की. "ही मागवू. सोबत चार पोती धान्य. सगळे मिळून सहाशे डॉलर होतील. ते मी देते." मी नाही म्हणून मान हलवू लागले तशी त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "उपकार नाहीत. कर्ज आहे. व्याज नाही आणि सूटही नाही. एकच अट. तुझ्या नवऱ्याच्या पगारातला एक सेंट मला नको. पिठाच्या पैशातून फेडायचं."

"बट व्हाय?" मी विचारलं.

"माझ्या आईकडे दोन गोष्टींचे पैसे स्वतःचे असायचे," त्या म्हणाल्या. "अंड्यांचे आणि आठवड्याच्या बाजारात विकलेल्या केकचे. गाई बापाच्या, वावर बापाचं, गुरांच्या जत्रेतला पैसा बापाचा. अंडी आणि केक तिचे. माझं बोटीचं तिकीट त्या पैशातून निघालं. बापाला विचारावं लागलं असतं तर मी आजही तिथे शेण काढत असते. ज्या पैशासाठी विचारावं लागतं तो तुझा नसतो, पोरी. मग तो कितीही चांगल्या माणसाचा असो."

ह्यांना सांगितलं तेव्हा हे हसले. "सहाशे? तुझ्या दळणातून? बरं, मार्चपर्यंत बघ. जमलं तर राहा."

चक्की आली. लहान होती, पण दमदार. मी पहाटे उठून दळायचे, मग भाकऱ्या, मग पोळ्या. पण पैसे काही साठेनात. कारण मला भाव सांगता येत नव्हता. गिऱ्हाईक मागच्या जिन्याने यायचं, आणि मागचा जिना आजींच्या स्वयंपाकघरावरून जायचा. त्या दार उघडं टाकून तिथे बसत आणि सगळं ऐकत. एकदा नागपूरचा एक मुलगा पीठ घ्यायला आला.

"काकू, किती झाले?"

मी पायांकडे बघत सांगितलं, "बारा."

"थोडं कमी करा ना यार काकू, स्टुडंट आहे. दहा?"

मी "बरं" म्हणणार, तेवढ्यात खालून आवाज आला, "नो."

मुलगा वाकून बघायला लागला. "ही कोण?"

"मालकीण," मी म्हटलं.

"तुमची?"

"घराची."

त्याने गुपचूप बारा दिले. तो गेल्यावर आजींनी मला खाली बोलावलं. "मराठी मला येत नाही, पण घासाघीस मला कुठल्याही भाषेत कळते. तू जमिनीला भाव सांगत होतीस. जमीन पीठ विकत घेत नाही. त्याच्या तोंडाकडे बघ, आकडा सांग आणि गप्प राहा. गप्प राहणं हीच सगळी विद्या आहे." मग त्यांनी मला तिथेच उभं करून सराव घेतला. त्या गिऱ्हाईक, मी दुकानदार. त्या फार वाईट गिऱ्हाईक होत्या. माझं पीठ किडकं म्हणाल्या, माझ्या भाकरीला भोकं आहेत म्हणाल्या, शेवटी पाच डॉलर देऊ का म्हणाल्या. मी "बारा" म्हणून गप्प राहिले. "हं," त्या म्हणाल्या.

त्यांनी आपल्या चर्चच्या बायकांनाही सांगितलं. मी गहू भरडून द्यायचे, त्या बायका पाव करायच्या, रविवारी प्रार्थनेनंतर ते पाव विकले जायचे. पिठाचे पैसे त्यांच्याकडून घेऊन आजी मला मोजून देत आणि मी त्यांतलेच आजींना कर्जापोटी परत मोजून देत असे. मला ते विचित्र वाटायचं. "एकाच हातातून फिरवायचे कशाला? कापून घ्या ना," मी एकदा म्हटलं. "नाही," त्या म्हणाल्या. "आधी तुझ्या हातात येऊ देत. त्यांना कळू दे की ते कुणाचे आहेत."

जानेवारीत बर्फ फार पडला. गिऱ्हाईक येईना. एक आठवडा असा गेला की मी त्यांना काहीच देऊ शकले नाही. हे खाली गेले, चेकबुक घेऊन. मीही मागोमाग गेले.

"काकू, धिस इज टू मच टेन्शन फॉर हर," हे म्हणाले. "उरलेले मी देतो. टेक इट, प्लीज."

आजी भट्टीपाशी उभ्या होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "तुझं माझ्याकडे काय देणं आहे?"

"माझं नाही, हिचं आहे."

"मग तुझा चेक इथे काय करतोय?"

"हसबंड-वाइफ, काकू. एकच गोष्ट आहे."

"असं?" आता त्या वळल्या. "मग उद्यापासून वेअरहाऊसला तिला पाठव आणि तू पोळ्या लाट."

हे जिना चढून आले ते हसतच. "बाई खडूस आहे," म्हणाले. पण त्या रात्री जेवताना त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, "किती उरलेत गं अजून?" मी आकडा सांगितला. पायांकडे बघून नाही.

मार्चमध्ये ताईंचा फोन आला. बाळ झालं होतं, मुलगा. आम्ही सगळ्यांनी आनंदाने बोलून घेतलं. मग ताई म्हणाल्या, "सुमन, तिकिटं कधीची बघू?"

हे सोफ्यावर बसले होते, फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, "ताई, मला इथे काम आहे."

"काम? अगं, पिठाचं ना? ते इथेही करशील की. बेसमेंट आहे मोठं."

"इथे माझी गिऱ्हाइकं आहेत. आणि एकांचे पैसे द्यायचेत."

"किती? मी देते टाकून."

"नाही ताई. ते मीच द्यायचे आहेत. बाळंतपणाला महिनाभर येते, डिंकाचे लाडू घेऊन येते. महिन्याने परत येईन."

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मीही गप्प राहिले. मग त्या म्हणाल्या, "बरं बाई. लाडू जास्त आण." ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू घरात दुसरंच कुणी आलंय. मग म्हणाले, "दळणाची पोती वर आणायची आहेत का? आणतो."

मी महिनाभर जाऊन आले. आल्यावर पुन्हा चक्की सुरू. उन्हाळ्याच्या शेवटी ब्रायडीआजी अंगणात पडल्या आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये नेलं. बॉस्टनहून त्यांची लेक मॉरीन आली. मनाने चांगली बाई, सारखी डोळे पुसत होती. आई आता घरी परत येणार नाही आणि घर विकावं लागेल, असं तिने आम्हाला सांगितलं. आम्हाला वेळ देणार होती. मी तिला कर्जाचं सांगितलं, अजून पावणेदोनशे उरलेत म्हणून. तिने माझा हात धरला. "सुमन, प्लीज. फरगेट इट. आईला आता पैशांचं काय करायचंय? तू तिला किती जपलंस."

ती प्रेमाने म्हणाली. हेही म्हणाले, आता राहू दे, शोभत नाही. पण मला झोप येईना. मी ते पैसे दिले नसते तर त्या सहाशेमधले पावणेदोनशे उपकार झाले असते. आणि आजी म्हणाल्या होत्या, उपकार नाहीत. एवढ्या म्हाताऱ्या बाईचा शब्द आपण सगळ्यांनी मिळून, ती बिछान्यावर असताना, खोटा पाडायचा का?

दिवाळी जवळ आली होती. मी फोनवर सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःहून विचारलं, चकलीची भाजणी हवी का. आधी मी कधी कुणाला फोन केला नव्हता. लोक हो म्हणाले, आणि त्यांनी अजून लोकांना सांगितलं. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे, वेगवेगळं धुऊन, सावलीत वाळवून, मंद भाजायचं. घरभर वास. एक पुण्याची बाई म्हणे, पोहे घालायचेच, त्याशिवाय खुसखुशीत होत नाही. दुसरी नागपूरची म्हणे, पोहे कसले, आमच्याकडे नाही चालत. दोघींना आपापली दळून दिली. दोघींना तोच भाव सांगितला आणि गप्प राहिले. चक्कीचे दगड इतके तापायचे की मध्ये मध्ये थांबावं लागे. हे रोज कामावरून आल्यावर पिशव्या भरून, वजन करून द्यायचे. आजींच्या स्वयंपाकघराचं दार बंद होतं. जिन्यावरून खाली उतरताना माझी मान तिकडे वळायचीच.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी मी होममध्ये गेले. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, फार लहान दिसत होत्या. मॉरीन शेजारी होती. मी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. "आजी, हे शेवटचे."

मॉरीन पटकन म्हणाली, "मॉम, नो. लेट हर कीप इट. सुमन, आपण बोललो होतो ना."

"तू गप्प बस," आजी म्हणाल्या. "यातलं तुला कळत नाही. हे तिचं आणि माझं आहे."

त्यांनी पाकिटातून नोटा काढल्या. बहुतेक पाचाच्या आणि एकाच्या होत्या, काहींना भाजणीचं पीठ लागलेलं. त्यांनी एक नोट अंगठा आणि बोट यांत चोळली. मग अंगठा जिभेला लावून मोजायला सुरुवात केली. मध्येच चुकल्या, पहिल्यापासून मोजल्या. मॉरीन मदतीला पुढे झाली, तिला त्यांनी कोपराने मागे सारलं. मी खुर्चीच्या कडेला बसून राहिले. माझ्या आयुष्यात कुणी माझे पैसे इतक्या मन लावून मोजले नव्हते.

"पिठाचेच ना?" त्यांनी विचारलं.

"पिठाचेच. सगळे."

त्यांनी नोटा नीट जुळवल्या, दुमडल्या, उशाशी असलेल्या पर्समध्ये घातल्या आणि चाप दाबून पर्स बंद केली. मग माझ्याकडे पाहिलं.

"पूर्ण फिटले," त्या म्हणाल्या. "आता तुझं माझं काही देणंघेणं नाही. उद्यापासून नुसती भेटायला ये."